न सावरलेली गाडी

एकदा एक तरुण पावसातली शर्यत जिंकून आला, आणि सगळ्या मैदानात एकट्या त्याच्या गुरूने त्याचे अभिनंदन केले नाही.

तरुणाचे नाव सन्मती मगदूम. जयसिंगपूरचा, वय बावीस. गुरू म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले यासीन वस्ताद. कोल्हापुरात कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. यासीनभाई मोटारसायकलची शर्यत शिकवत. पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना त्यांच्यासाठी दुसरे संबोधन सुचले नाही. ऐन उमेदीत त्यांनी स्वतः शर्यती केल्या होत्या. पुढे गुडघा निकामी झाला, तेव्हा ते शर्यतीच्या गाड्या बांधू लागले आणि त्या चालवणारी माणसे घडवू लागले. सत्तरी उलटली होती, पण इंजिनाला कान लावून त्याचे दुखणे सांगण्याइतके कान शाबूत होते. बोलत मात्र फार कमी. काम मनासारखे झाले तर ‘बरं’ म्हणत, नाही झाले तर ‘पुन्हा’. त्या एका ‘बरं’साठी शिष्य महिनोन्‌महिने वाट पाहत.

सन्मती चार वर्षे त्यांच्याकडे होता. कोरड्या रस्त्यावर त्याच्या तोडीचे दोघे-तिघेच असतील. पावसात मात्र बेळगावचा व्हिन्सेंट रेबेलो सर्वांच्या पुढे असे. व्हिन्सेंट त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, शांत स्वभावाचा, आणि ओल्या रस्त्यावर असा काही चालवायचा की पाहणाऱ्याला पाऊस पडतो आहे याचा विसर पडावा.

त्या वर्षीची शेवटची शर्यत दक्षिणेतल्या एका शहराबाहेरच्या ट्रॅकवर होती. बारा फेऱ्या. सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. पहिल्या फेरीपासून व्हिन्सेंट पुढे आणि सन्मती त्याच्या मागे, असे दोघे बाकीच्यांना कितीतरी मागे टाकून निघून गेले. सातव्या फेरीनंतर पावसाने जोर धरला. लांब सरळ पट्टा संपून उजवे वळण सुरू होते तिथे बाजूच्या बांधावरून पाण्याचा एक ओहळ रस्त्यावर उतरला आणि वळणाच्या आतल्या अंगाने आडवा वाहू लागला. आठव्या फेरीपासून व्हिन्सेंट त्या जागी क्षणभर गती कमी करी, वळण बाहेरून घेई, आणि ओहळ मागे पडताच पुन्हा सुसाट सुटे. सन्मतीही त्याच्यामागून तसेच करत राहिला.

शेवटच्या फेरीत त्याने तसे केले नाही. व्हिन्सेंटने गती कमी करताच तो आतून शिरला आणि थेट पाण्यावरून गेला.

मागचे चाक सुटले. रस्त्यावरची पकड जाऊन गाडी जवळजवळ आडवी झाली. त्या वळणावर छत्री धरून उभ्या असलेल्या यासीन वस्तादांनी डोळे मिटले नाहीत, म्हणून त्यांना सगळे दिसले. गाडी आडवी घसरत पाण्यापलीकडे गेली, तिथल्या खडबडीत डांबरावर टायरने पकड घेतली, एक जोराचा हिसका बसला आणि गाडी सरळ झाली. सन्मती व्हिन्सेंटच्या पुढे होता. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने तो शर्यत जिंकला.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. कुणी शिट्ट्या वाजवल्या, कुणी भिजत नाचले. एका वार्ताहराने तिथल्या तिथे त्याला ‘पावसाचा राजा’ अशी पदवीही देऊन टाकली. सन्मतीची नजर वस्तादांना शोधत होती. ते लंगडत त्याच्यापाशी आले आणि म्हणाले, “चल जरा माझ्यासंगं.”

“आत्ता? वस्ताद, तिकडं बक्षिसाला बोलवायलेत.”

“थांबतील.”

दोघे पावसात चालत त्या वळणापर्यंत गेले. ओहळ अजून वाहत होता. वस्ताद बूट न काढता त्या पाण्यात उभे राहिले आणि शिष्यालाही त्यांनी शेजारी उभे केले. पाणी घोट्याच्या खाली होते. पण वाहताना पायाखालची बारीक वाळू सरकत असल्याचे दोघांनाही जाणवत होते.

“हितं चाक सुटलं,” वस्ताद म्हणाले. “मग तू काय केलंस?”

“सावरली की गाडी.”

“कशी?”

सन्मती हसला. “ते कसं सांगू? होऊन गेलं. सावरली एवढं खरं.”

“तू सावरलीस?”

“मग काय दुसऱ्यानं?”

वस्तादांनी एकदा वाहत्या पाण्याकडे पाहिले. मग ‘बरं’ही न म्हणता, ‘पुन्हा’ही न म्हणता ते वळले आणि चालू लागले. विजेत्याच्या तंबूवरून ते पुढे गेले, व्हिन्सेंटच्या तंबूत शिरले. व्हिन्सेंट ओल्या कपड्यांतच एका पेटीवर मान खाली घालून बसला होता. वस्तादांनी छत्रीमुळे कोरडे राहिलेले अंगातले जाकीट काढले, त्याच्या खांद्यांवर घातले, आणि त्याच्या शेजारी बसून राहिले.

सन्मतीने हे पाहिले. चार वर्षे ज्या शाबासकीची वाट पाहिली ती दुसऱ्याच्या खांद्यावर गेली, एवढाच अर्थ त्याला त्यात दिसला. म्हाताऱ्याला आपला मोठेपणा सोसत नाही, असे त्याने मनाशी ठरवले. आठवडाभरात तो पुण्याच्या एका मोठ्या संघात दाखल झाला. जाताना वस्तादांना भेटलासुद्धा नाही.

आता त्या वळणावर खरे काय घडले होते, ते वाचकांना सांगायला हवे. चाक सुटले त्या क्षणी सन्मतीचे हात गोठले होते. त्याने ब्रेक दाबला नाही, गती कमी केली नाही, अंगाचा तोल बदलला नाही. आपण पडलो, एवढाच विचार त्याच्या मनात आला होता. पुढचे सारे रस्त्याने केले. हे त्याला ठाऊक होते. पहिले काही दिवस तर ते अगदी स्वच्छ आठवत होते. पण दर मुलाखतीत, दर सत्कारात त्याला एकच प्रश्न विचारला जाई, “गाडी सावरलीत कशी?” आणि दर वेळी तो उत्तर देई. प्रथम थोडक्यात, पुढे तपशिलाने. डावा गुडघा कसा दाबला, हँडल कसे सैल सोडले, श्वास कसा रोखला. वर्षभर हे सांगता सांगता त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका ट्रॅकवर पुन्हा पाऊस आला. पुन्हा व्हिन्सेंट पुढे, सन्मती मागे. पाच फेऱ्या उरल्या असताना एका डाव्या वळणावर रस्ता आरशासारखा चमकताना दिसला. व्हिन्सेंटने गती किंचित कमी केली. सन्मतीच्या मनात आले, हा घाबरला. इथेच आपली जागा. तो आतून शिरला.

मागचे चाक सुटले. सन्मती मागच्या वर्षी जे केले ते पुन्हा करायला गेला, आणि त्या निमिषात त्याच्या ध्यानात आले की मागच्या वर्षी त्याने काहीच केले नव्हते. करायला हातात काही नव्हते. गाडी त्याच्याखालून निसटली, घसरत गेली आणि बाहेरच्या अंगाने वळण घेणाऱ्या व्हिन्सेंटवर आदळली. दोन्ही गाड्या एकत्र फरपटत गेल्या. व्हिन्सेंटचा उजवा हात गाडी आणि वळणाच्या सिमेंटच्या कठड्यामध्ये सापडला.

सन्मतीचे गळ्याजवळचे हाड मोडले. ते दोन महिन्यांत जुळले. व्हिन्सेंटच्या मनगटावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. हात वाचला, पण बोटे मिटत नव्हती. मोटारसायकलची सारी गती उजव्या मुठीत असते. ज्याची मूठ वळत नाही, त्याची शर्यत संपली.

पंचांनी चौकशी केली आणि निकाल दिला की शर्यतीच्या ओघात असे घडते, कुणाचाही दोष नाही. संघाच्या लोकांनी पाठीवर हात ठेवून हेच सांगितले. आईनेही हेच सांगितले. जो तो सन्मतीला निर्दोष ठरवत होता, आणि त्याला तेच सहन होत नव्हते. त्याला सर्वांत आधी दोष देऊ शकेल असा एकच माणूस होता. एका दुपारी तो उद्यमनगरात गेला.

वस्ताद एका इंजिनाचे झाकण पुसत बसले होते. त्यांनी वर पाहिले, फडके बाजूला ठेवले आणि समोरच्या लाकडी बाकाकडे बोट केले. सन्मती बसला नाही.

“वस्ताद, मी जिंकलो त्या शर्यतीत मी गाडी सावरली नव्हती. ती आपोआप सरळ झाली.”

“ठाऊक हाय.”

“तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?”

“माझ्यासमोर दहा फुटांवर झालं की. तुझी बोटं हँडलवर लाकडासारखी होती.”

सन्मतीचा आवाज चढला. “मग तेव्हाच का बोलला नाहीत? मला पाण्यात नेऊन उभं केलंत, प्रश्न विचारलेत आणि निघून गेलात. त्या व्हिन्सेंटच्या खांद्यावर जाकीट घातलंत. मला काय कळणार त्यातनं? तोंडावर खोटारडा म्हटलं असतं तर…”

वाक्य पुरे झाले नाही. तो बाकावर बसला आणि त्याने ओंजळीत तोंड लपवले.

वस्तादांनी इंजिनाचे झाकण मांडीवर ओढून घेतले. मग सावकाश बोलू लागले. त्यांच्या ओळखीच्या माणसांनी त्यांना सलग इतके बोलताना क्वचितच ऐकले असेल.

“तू विचारलंस ते बरोबर हाय. मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. शिकवणाऱ्या माणसाला आपल्या गप्प बसण्याचा लई गर्व असतो बघ. त्याला वाटतं, आपण गप्प बसलो की समोरच्याला सगळं उमगतंय. जाकीट दुसऱ्याच्या खांद्यावर घातलं आणि मला वाटलं, धडा दिला. तसा धडा देत न्हाईत. हाताला धरून सांगायचं असतं, ऐकत नसला तर ओरडून सांगायचं असतं. मी ते केलं न्हाई. आणि अजून एक खरं सांगतो. लोक तुला खांद्यावर घेऊन नाचत होते, तवा माझ्या गॅरेजचं नाव घेत होते. ते ऐकून मलाबी थोडं बरं वाटलं होतं. त्या थोड्यानं माझी जीभ जड झाली.”

सन्मतीने मान वर केली.

“आता ऐक, तवा सांगायचं होतं ते. तुला वाटलं, व्हिन्सेंट सांभाळून चालवतो आणि तू जिवावर उदार होऊन चालवतोस. म्हणून तू शूर. उलटं हाय. त्या दिवशी पहिल्या सात फेऱ्या तो तुझ्यापेक्षा वेगात होता. ओल्या रस्त्यावर तो दर वळणाला धोका घेत होता. भ्यालेला माणूस पावसात हळू चालवतो, त्याचे टायर थंड पडून पकड सोडतात, आणि तोबी आपटतो. व्हिन्सेंट त्यातला न्हवं. पण जिथला रस्ता त्याच्या टायरला कळत होता, तिथंच तो धोका घेत होता. त्या ओहळाखाली काय हाय ते त्याला कळत नव्हतं, तेवढी जागा त्यानं सोडून दिली. धोका घेणारा माणूस आपण काय पणाला लावतोय ते बघून लावतो. तू डोळं मिटून लावलंस, आणि नेमकं त्या दिवशी तुझं दान पडलं.”

“पडलं ते वाईट झालं,” सन्मती हळूच म्हणाला.

“न्हाई. तू वाचलास त्यात वाईट काय? मी त्या रात्री नमाज पढलो ते त्यासाठीच. वाईट पुढं झालं. नशिबानं वाचवलं त्याला तू हुन्नर म्हणालास. ज्याला आपण नशिबानं वाचलो हे ठाऊक असतं, तो दुसऱ्या दिवशी सरावाला येतो आणि म्हणतो, वस्ताद, चाक सुटलं तर काय करायचं ते शिकवा. ज्याला वाटतं आपणच सावरलं, तो कशाला शिकायला येईल? एक वर्ष होतं आपल्याकडं. सांडलेल्या तेलावर, ओल्या गवतावर चाक सोडून सोडून मी तुझ्या हातात ते बसवलं असतं. ते वर्ष तू मुलाखतीत घालवलंस आणि मी रुसव्यात.”

एवढे बोलून त्यांनी फडके पुन्हा हातात घेतले. पण पुसायला उचललेले झाकण तसेच मांडीवर राहिले.

“मी काय करू आता?” सन्मतीने विचारले.

“मला ठाऊक न्हाई,” वस्ताद म्हणाले. “मी वस्ताद हाय गाडीचा. पण ज्याची मूठ गेली, त्याच्याकडं तू अजून गेला न्हाईस. माझ्याकडं आधी आलास.”

दुसऱ्या दिवशी सन्मती बेळगावला गेला. व्हिन्सेंटच्या वडिलांचे मोटारसायकलच्या सुट्या भागांचे दुकान होते. व्हिन्सेंट गल्ल्यामागे उभा होता. उजवा हात त्याने अंगाशी धरला होता, डाव्या हाताने तो खोकी लावत होता. सन्मतीला पाहून तो थांबला.

“माफी मागायला आलास?”

“नाही. मागायची लाज वाटते. एक गोष्ट सांगायला आलो.”

आणि त्याने सांगितली. हात कसे गोठले होते, गाडी कशी आपसूक सरळ झाली, वर्षभर तो काय काय सांगत फिरला. व्हिन्सेंटने मध्ये एकदाही अडवले नाही. एक गिऱ्हाईक आले, क्लचची केबल मागू लागले. त्याला व्हिन्सेंटने थांबायला सांगितले.

सन्मतीचे बोलणे संपल्यावर व्हिन्सेंट म्हणाला, “तुला एक कळलं नसेल. त्या दिवशी हरल्यावर मी स्वतःला भित्रा म्हणत होतो. मला वाटलं, तिथून जाता येत होतं. सन्मतीला जमलं, मला जमलं नाही. पुढचं वर्षभर तेच डोक्यात. पेपरात वाचायचो, गुडघा असा दाबला, हँडल असं सोडलं. घरी गाडीवर बसून तसं करून बघायचो.” त्याने हातातले खोके फळीवर ठेवले. “ज्या दिवशी आपण पडलो ना, त्या वळणावर मला आणखी हळू व्हायचं होतं. आणखी बाहेरून जायचं होतं. मन सांगत होतं. पण म्हटलं, मागं सन्मती आहे, आता पुन्हा भित्रा ठरायचं नाही. म्हणून थोडीच गती कमी केली. आणखी हळू गेलो असतो तर तुझी गाडी माझ्या पुढूनच निघून गेली असती.”

आपले खोटे आपल्याच अंगाशी आले, एवढेच सन्मतीला आजवर वाटत होते. ते दुसऱ्याच्या विवेकातही जाऊन बसले होते, हे त्याला आता कळले. सावध माणसाच्या सावधपणाला त्याने लाज वाटायला लावली होती.

“माझा राग गेलेला नाही,” व्हिन्सेंट म्हणाला. “जाईल की नाही सांगता येत नाही. पण हे तू मला एकट्याला सांगून भागणार नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना सांग. त्यातला एखादा आज कुठल्यातरी ओल्या वळणावर गुडघा दाबायला निघाला असेल.” मग खोळंबलेल्या गिऱ्हाइकाकडे वळून तो म्हणाला, “केबल वरच्या फळीवर आहे. एका हातानं काढता येत नाही.”

सन्मतीने केबल काढून दिली.

त्यानंतर तो आणखी तीन वर्षे शर्यतीत उतरला. पावसात कधी पाचवा आला, कधी सातवा. यासीन वस्तादांकडे तो परत शिकायला गेला. सत्तर पार केलेला गुरू आणि नावारूपाला येऊन पुन्हा पहिल्या इयत्तेत बसलेला शिष्य ओल्या गवतावर तासन्‌तास चाके सोडत. लोक म्हणत, पोरगा पडल्यापासून बिचकला. त्यावर तो वाद घालत नसे. पण त्या गाजलेल्या विजयाचा विषय कुणी काढला, तर जिथे असेल तिथे, जितकी माणसे समोर असतील तितक्यांना तो एकच उत्तर देई, “ती गाडी मी सावरली नव्हती. मी नशिबाने वाचलो, आणि ते कबूल करायला मला एक वर्ष उशीर झाला.”

ज्या वार्ताहराने त्याला पदवी दिली होती त्यालाही त्याने हे सांगितले. वार्ताहराने ऐकून घेतले, वही मिटली आणि म्हणाला, “हे कोण वाचणार?”

आपणही कधी ना कधी अशा एखाद्या वळणावरून सुखरूप बाहेर आलेलो असतो. घरी पोचल्यावर आपण त्या सुटकेला काय नाव दिले, हे ज्याने त्याने एकदा आठवून पाहावे.